खोलीचं माप

धोंडूकाकू नारपोलीच्या चाळीत सात नंबरच्या खोलीत बेचाळीस वर्षं भाड्यानं राहत होती. आमची खोली समोरच. आई शाळेत शिकवायला गेली की मी काकूकडेच जेवायचो, झोपायचो. पुढे आम्ही फ्लॅट घेतला, तरी चाळीत काही झालं की काकूचा फोन मलाच यायचा. मी वकिलाकडे कारकून, म्हणून कायद्यातलं सगळं मला कळतं अशी तिची समजूत. माझीही तशीच होती, हे जास्त वाईट.

गेल्या वर्षी पालिकेनं चाळ धोकादायक ठरवून खाली करायची नोटीस लावली. काकूनं घाबरून विचारलं, खोली सोडली तर हक्क राहील का? मी अक्कल पाजळली. भाडेकरूचा हक्क राज्याच्या कायद्यातला, तो पालिकेला काढता येत नाही. पण ताबा गेला की मालक दारातही उभं करणार नाही. तेव्हा पालिकेचा माणूस आला तर दार उघडायचं नाही, असं बजावलं. काकू माझ्या शब्दाबाहेर गेली नाही.

महिन्याभरात पोलीस आले, सगळ्यांना बाहेर काढलं आणि पालिकेनं चाळ पाडली. काकू गणेशपुरीजवळ भाच्याकडे गेली.

मग मला कळलं की पालिकेची माणसं त्याआधी मापं घ्यायला येऊन गेली होती. कोणत्या खोलीत कोण, जागा किती, याची यादी. नव्या इमारतीत जागा मागायची ती तिच्याच आधारावर. यादीत सात नंबरपुढे लिहिलं होतं, ‘बंद’. पालिकेत गेलो तर तिथले साहेब शांतपणे म्हणाले, मोजणी आमची, हक्काचं भांडण राज्याच्या कायद्याखाली, कोर्टात जा. कोर्टात किती वर्षं जातात ते मी रोज बघतो. काकू अठ्ठ्याहत्तरची आहे.

सगळं सांगून माफी मागायची म्हणून गणेशपुरीला गेलो. मी विषय काढायच्या आत काकूच बोलायला लागली.

“ते आलते रे अवधू. दोनदा नाव घेऊन हाक मारली. मी आतच व्हते. खोकला आला तं पदर तोंडात कोंबला, पन दार न्हाय उघडलं.”

मग गुडघे चोळत म्हणाली,

“आता नवी खोली खालचीच माग हां. जिना चढवत न्हाय मला.”

मी हो म्हणालो.