मालसुकचं लक्ष

शेगडीवर भांडं नव्हतं आणि गॅस मात्र पेटलेला होता.

“लक्ष कुठे असतं तुझं?” तिच्या नवऱ्याने, दुमानने, मालसुकला विचारलं. तो ओरडला नव्हता. न ओरडता विचारायचा, तेच तिला जास्त लागायचं.

तिने मान खाली घालून गॅस बंद केला. आदल्या आठवड्यात भात पाण्याविना करपला होता. त्याआधी एकदा रात्रभर दार सताड उघडं राहिलं होतं. आपण केलं असं तिला आठवत नव्हतं, पण घरात माणसं दोनच. आणि दुमानने उभा जन्म धुक्यातून, बेटाबेटांमधून फेरीबोट नेलेली. कधी खडकाला घासली नाही. चुकणार ती मालसुकच. तिच्या सासूचंही असंच सुरू झालं होतं. शेवटी म्हातारी पोटच्या मुलालाच ‘कोण तुम्ही’ विचारायची. तिचं सगळं मालसुकनेच केलं होतं. तेच आता आपल्या वाट्याला आलं, असं तिने धरून टाकलं.

तोंगयोंग या त्यांच्या कोरियन बंदरगावच्या आरोग्यकेंद्रात दर गुरुवारी म्हाताऱ्यांसाठी वर्ग असे. ती जाऊ लागली. शिकवणारी युन नावाची नर्स होती, वयाने हिच्या नातीएवढी. एका वेळी एकच काम करा, ती सांगे. चहा पिताना टीव्ही बंद ठेवा. चपला वाकून हाताने सरळ लावा. गॅस बंद केलात की हात बटणावर जरा तसाच ठेवा आणि मनाशी म्हणा, बंद केला.

मालसुक कालवं फोडण्याच्या शेडमध्ये कामाला जाई. तिथे तिने हे सांगितलं, तेव्हा शेजारी बसलेली पिलजा सुरी न थांबवता म्हणाली, “ताई, चहा पिताना चहाच प्यायचा, हे सांगायला पगारी माणूस ठेवलंय? मग इतकी वर्षं आपण काय पीत होतो, कालवांचं पाणी?”

मालसुकही हसली. पण सवयी तिने सोडल्या नाहीत. बटणावर हात ठेवून ती खरंच पुटपुटायची. आणि तरीही गॅस पेटलेला सापडायचा. आता तर तिचं डोकंच चालेना. बटणाचा गारवा हाताला आठवत होता, आणि समोर जाळ दिसत होता. हातावर विश्वास ठेवायचा की डोळ्यांवर? सवयी लावल्यापासून जास्तच बिघडलंय, असं तिने युनला सांगितलं, तेव्हा ती पोरगी गंभीर झाली. पुढच्या गुरुवारी डॉक्टर येणार आहेत, त्यांना दाखवू, म्हणाली. येताना नवऱ्यालाही आणा.

वारा सुटला म्हणून एक दिवस शेड बंद होती. टीव्ही बंद करून मालसुक आतल्या खोलीत जवाचा चहा घेऊन बसली. घर इतकं शांत होतं, की बटण फिरल्याचा आवाज तिला स्पष्ट ऐकू आला. तिने मान वर केली.

दुमान शेगडीपाशी उभा होता. गॅस पेटवून त्याने कपाट उघडलं, आत बघितलं, बंद केलं. पुन्हा उघडलं. मग गॅलरीत जाऊन मिरचीच्या रोपांना पाणी घातलं. परत आला आणि जाळाकडे बघून थबकला.

“अगं, लक्ष कुठे असतं तुझं?”

पहिल्यांदा तिला वाटलं ते एवढंच, की मी नव्हे. डोक्यावरची पाटी कुणीतरी उतरवून घ्यावी तसं हलकं वाटलं. हसूच फुटणार होतं. तेवढ्यात त्याचा चेहरा दिसला. त्यावर राग नव्हताच. तो घाबरला होता. इतके दिवस हा घाबरत होता, आणि आपण मान खाली घालून उभ्या होतो म्हणून कधी दिसलं नाही.

“विसरले हो,” ती म्हणाली आणि उठून गॅस बंद केला. हलकं वाटल्याची तिला लाज वाटत राहिली. पण मग काय वाटायला हवं होतं, तेही कळेना.

गुरुवारी तो यायला तयार होईना. “डोकं तुझं फिरलंय. मी कशाला?”

“रस्ता आठवत नाही मला. सोडायला तरी चला.”

यावर त्याने लगेच टोपी चढवली. रस्ताभर तो पुढे चालत होता, वळणावर थांबून ती येतेय ना बघत होता. औषधाच्या दुकानापाशी दोन वाटा फुटत होत्या. केंद्र उजवीकडे, खाली दिसतच होतं. दुमान जराही न घुटमळता डावीकडे वळला आणि चढ चढू लागला.

मालसुक क्षणभर तिथेच उभी राहिली.

“चल की,” तो वरून म्हणाला, “इकडून जवळ पडतं.”

“हो का?” ती म्हणाली. “मला माहीतच नव्हतं.”

आणि पदपथाच्या कडेने, त्याला गाठायला, ती भराभर चढू लागली.