खुब्यातला विरघळता मणी

मी खुब्यातला मणी बोलतोय. गळ्यातल्या मण्यांना आरसा मिळतो, कौतुक मिळतं; मला मिळाली एका कापड दुकानदाराच्या चरबीमागची अंधारी जागा. तक्रार नाही. धंद्यात जागा मोक्याची लागते, आणि माझी तशी होती.

जन्म ऑपरेशनच्या खोलीतच झाला. सिस्टरनं प्लास्टरसारखी पांढरी पूड आणि अँटिबायोटिक एकत्र कालवलं, रबरी साच्याच्या खळग्यांत दाबून भरलं आणि सुकत ठेवलं. शेजारी डॉक्टर नवा धातूचा सांधा ठोकत होते. आवाजावरून वाटावं, दाराची चौकट बसवतायत.

"मणी सुटले का?"

"थांबा, सर. कच्चे काढले तर भुगा होईल."

डॉक्टर चक्क थांबले.

दुकानदाराला जुना मधुमेह. नव्या सांध्यावर जंतूंनी बिऱ्हाड थाटलं, तर तो सांधाच काढावा लागेल, आणि मग दुकानात उभं राहणं विसरा, असं त्याला आधीच बजावलं होतं. शिरेतून औषध चालू होतंच. पण ते बिचारं अंगभर हिंडून खुब्यात पोचणार, तेव्हा दमलेलं. म्हणून आम्हाला थेट सांध्याभोवती बसवलं. काम एकच: बसल्या जागी विरघळायचं आणि औषध सोडत राहायचं.

विरघळताना आमचं थोडं पाणी जखमेतून झिरपतं. सिस्टरनं सांगितलं होतं, "काका, पांढरट पाणी आलं तर मला हाक मारा. हात लावू नका."

पण या माणसानं जन्मात कधी कापड नुसत्या डोळ्यांनी पारखलं नव्हतं. आधी पोत बोटांत चुरगळायचा, मग तोंड उघडायचं. पट्टी ओली दिसताच त्यानं कोपरा उचलला, बोट आत घातलं आणि पाणी अंगठ्यावर चोळून बघितलं.

"चिकट नाही," तो समाधानानं म्हणाला. "पू नाही हा."

"अहो! तागा आहे का तो?" बायको किंचाळली. "आत्ता त्याच बोटानं कान कोरत होतात!"

"धुतलेलं होतं."

"कधी? लग्नात?"

सिस्टर धावत आली, जखम साफ केली, पट्टी बदलली आणि दोघांनाही झापलं. बायकोला कशाबद्दल, ते कळलं नाही. मग डॉक्टर आले. "ताप आला किंवा लाली वाढली, तर पुन्हा उघडावं लागेल," एवढंच म्हणाले. खोलीतला विनोद तिथेच संपला.

बोटाबरोबर आलेले काही पाहुणे फटीतून आत उतरले आणि मोठ्या उत्साहानं धातूकडे निघाले. चकचकीत जागा, भाडं नाही! आम्ही होतं नव्हतं ते औषध ओतलं. शौर्यबिर्य काही नाही, नुसते झिजलो. बाहेर बायको सारखी त्याच्या कपाळाला हात लावायची, "गार आहे" म्हणायची आणि पुन्हा लावायची. तो मात्र पहिल्यांदाच पट्टीकडे बोट नेत नव्हता.

ताप आला नाही. जखम सुकली. टाके निघाले, तसा तो वॉकर धरून उभा राहिला. "डॉक्टर, सांधा एक नंबर बसवलात!" डॉक्टर लाजले. आमचं नाव कुणी काढलं नाही.

काल एक्स-रे झाला. पहिल्या फोटोत आम्ही सांडलेल्या गारांसारखे दिसत होतो. या वेळी डॉक्टर म्हणाले, "मणी गेले सगळे." मी आहे अजून, टाचणीच्या डोक्याएवढा. पण एवढ्यासाठी त्यांना कशाला तोंडावर पाडायचं?

वाचकहो, तुमच्या खुब्यात कधी माझे भाऊबंद आले, तर त्यांना निवांत विरघळू द्या. मी निघतो. तो आता दुकानाच्या पायऱ्या चढतोय. मागून बायको ओरडतेय, "अहो, सावकाश!" आणि तो ऐकत नाहीये. म्हणजे बरा झालाय.