काकूंच्या खिडकीचं आपोआप उघडणारं शटर

काकूंच्या बैठकीच्या खोलीत मुंगी शिरायला जागा नव्हती. सगळ्यांच्या नजरा खिडकीच्या शटरवर. चमत्कारी म्हणून गाजलेल्या बाबांनी जाडजूड काठी उगारली, "उघड, हे तेजोमय दिशे," असं म्हणाले आणि शिष्यानं घंटा बडवायला घेतली. बघता बघता कोणी हात न लावता शटर वर गुंडाळलं गेलं. खोलीत ऊन आलं, लोकांनी हात जोडले.

"अशीच तुमची दृष्टी उघडेल," बाबा काकूंना म्हणाले. "डोळ्याला सुरी लावाल, तर मात्र कृपा संपली."

काकू विरघळल्याच. "ऐकलंस?" त्या पुतणीला म्हणाल्या. "उद्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन रद्द कर."

काकूंना आता समोरचा माणूसही आवाजावरून ओळखावा लागे. आणखी उशीर नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण पुतणी पडली विज्ञानाची शिक्षिका. घंटेच्या गदारोळातही तिला ओळखीची घरघर ऐकू आली होती. नुकतंच तिनं स्वतःच्या घरी स्वस्तात असंच मोटरवर चालणारं शटर बसवलं होतं.

"काकू, हे लोक आधी कधी आले होते?"

"काल. दार लावून खिडकी शुद्ध केली. चढायला स्टूल मीच दिलं, वर चहासुद्धा पाजला."

घ्या! शुद्धीला स्टूल?

"बाबा, आता बंदही करून दाखवा ना," पुतणी गोडीगुलाबीनं म्हणाली आणि हळूच जाऊन मेन स्विच पाडून आली.

काठी उठली, घंटा वाजली, शटर ढिम्म.

"कोणाच्या तरी मनात शंका आहे," बाबा गुरगुरले.

"माझ्या. आणि शटरला वीज नाही." तिनं स्विच लावला, बाबांची काठी सरळ काढून घेतली आणि काकूंच्या हातात दिली. "मुठीखाली बटण आहे. दाब."

काकूंनी चाचपून दाबलं. घर्रर्र करत शटर खाली आलं. पुन्हा दाबलं, वर गेलं. लोक हसायला लागले.

पुतणीनं स्टुलावर चढून वरची पेटी उघडली. "ही भंगारातल्या गाडीची, वायपर फिरवणारी मोटर. शटरच्या दांड्याला जोडलीय. रिमोट काठीत, आणि घरघर झाकायला घंटा. काम झकास आहे, बाबा. घरोघरी शटरं बसवली असतीत, तर लोकांनी दुवा दिला असता."

पण बाबांनी केव्हाच काढता पाय घेतला होता.

काकूंना फार लाज वाटली. "मोटर जोडणाऱ्याला मी देव मानलं आणि डोळ्यांचं शिकलेल्या माणसाला कसाई," त्या जमलेल्यांना म्हणाल्या. "तुम्ही तरी शहाणे व्हा. नमस्काराआधी पेटी उघडून बघा. आणि कोणी उपचार सोडायला सांगितलं, तर तिथून उठा."

मग पुतणीचा हात धरून म्हणाल्या, "उद्या किती वाजता निघायचं?"