खानदानी ठोके

भवानीला शॉक बसला तो नवरात्रातल्या शुक्रवारी, भर हळदीकुंकवात. भवानी माझी धाकटी जाऊ. कोलूच्या, म्हणजे नवरात्रात मांडतात त्या बाहुल्यांच्या, सगळ्यात वरच्या पायरीवरची बाहुली सरळ करायला तिनं हात वर केला आणि "अय्यो!" म्हणून धाडकन खालीच बसली. पाठोपाठ दुसरा शॉक. तिच्या छातीत यंत्र बसवलंय. हृदयाचे ठोके वेडेवाकडे पळाले की ते आतूनच दणका देऊन त्यांना ताळ्यावर आणतं. तसलंच यंत्र माझ्याही छातीत आहे, तिच्या आधीपासून. पण माझं मेलं कधी हूं की चूं करत नाही.

जवळच्या इस्पितळानं कार्डिओग्राम काढून घरी पाठवलं. यंत्र तपासणाऱ्या डॉक्टरांची वेळ मिळाली सोमवारची. तोवर चेन्नईत वेलचेरीतल्या आमच्या दोन्ही फ्लॅटांत भवानीशिवाय दुसरा विषय नव्हता. तिचा मुलगा बंगळूरहून धावत आला. माझे यजमान, प्रतापसिंहराव, मला ताप आला तर पेपरातून डोकं न काढता "गोळी घे" म्हणतात. ते स्वतः खाली उतरून तिच्यासाठी शहाळी घेऊन आले. माझ्या डोळ्यांदेखत!

तेही मी गिळलं असतं. पण रविवारी संध्याकाळी सौम्यानं, माझ्या सख्ख्या सुनेनं, पहिलं कुंकू भवानीला लावलं. आमच्या घरात पहिलं कुंकू आणि पहिला विडा थोरल्या सुनेचा. सासूबाई गेल्यापासून तो मान माझा आहे.

"अत्ते, चित्तींची तब्येत बरी नाही म्हणून..." सौम्या पुटपुटली. अत्ते म्हणजे मी, सासू; चित्ती म्हणजे तिची चुलतसासू, भवानी.

म्हणजे ही मरेल म्हणून मान हिला! आणि धडधाकट राहिले ही माझी चूक.

भवानीनं नाही म्हणायचं तर राहिलंच, वर मला शहाणपण शिकवलं. "अक्का, मनास लावून घेऊं नका. डॉक्टर बोल्ली न्हवे, वंशावंशांत फरक असतो म्हणून? आमचें रक्त अस्सल तंजावरचें. उसळतें. तुमच्या अम्मा मदुरैच्या. म्हणूनच तुमचें यंत्र गप्प."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझी आई तमिळ, हे खरं. पण आईच्या मदुरैवरून मला इतक्या वर्षांत कुणी बोट दाखवलं नव्हतं. सासूबाईंनीसुद्धा नाही, आणि त्यांची जीभ काही कमी नव्हती.

हे खूळ भवानीच्या डोक्यात शिरलं ते डॉक्टर श्रीरंजनीमुळे. ती नुंगंबाक्कमच्या दवाखान्यातली आमची यंत्राची डॉक्टर, आमच्यासारखीच तंजावरी मराठी घरातली. गेल्या महिन्यात तिनं आम्हा दोघींना आजी-आजोबा कुठले, घरात बोली कुठली, सगळं विचारलं होतं. अमेरिकेत म्हणे हे यंत्र बसवलेल्या काळ्या माणसांचे ठोके गोऱ्यांपेक्षा जास्त वेळा धोक्याचे पळतात, असं काही अभ्यासांत दिसलंय. आपल्या लोकांचं मात्र कुणी नीट मोजलेलं नाही, म्हणून तिनं मोजायला घेतलंय. भवानीनं त्यातून एवढंच उचललं, की शॉक म्हणजे खानदानाचा दाखला.

सोमवारी आम्ही दोघी गेलो. माझी तपासणी त्याच दिवशी करून घेते म्हणून मी हट्टानं सोबत निघाले होते. आत शिरल्या शिरल्या सांगून टाकलं, "डॉक्टर, मलाही शॉक बसला." भवानीनं डोळे वटारले. वटारू दे. माझं रक्त काय पाणी आहे?

श्रीरंजनीनं आधी भवानीच्या छातीवर यंत्र वाचायची चकती ठेवली, शॉक तात्पुरता बंद केला आणि तिला हात वर करायला सांगितला. पडद्यावरच्या रेघा पोरानं गिरगटल्यासारख्या झाल्या. तिनं पुन्हा हात वर-खाली करवला आणि हसली.

"मामी, तुमच्या हृदयास कांहींच झालें नाहीं. यंत्रापासून हृदयाकडे जाणारी वायर झिजली. हात वर केला कीं ती खरखरते, आणि यंत्रास वाटतें ठोके पळाले. शॉक चुकून बसले. वायर बदलूं, झालें."

वायर! मी तोंडाला पदर लावला. अस्सल तंजावरचं रक्त म्हणे!

"आणि ते वंशाचं काय?" मी मुद्दाम विचारलं.

"अजून मोजतोंच आहों, मामी. अमेरिकेंतही सगळें रक्तावर ढकलतां येत नाहीं. कोणास औषध उशिरा मिळतें, कोण डॉक्टरकडे उशिरा पोचतें, तेंही त्यांत आलें. वायर तर कोणाचें कुळ विचारत नाहीं."

भवानी खाली मान घालून बसली. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. मग चकती माझ्या छातीवर आली.

"शॉक कधी बसला बोल्लात?"

"शुक्रवारी. नाही, शनिवारी."

तिनं पडद्यावरच्या जुन्या नोंदी एकेक करून उघडल्या. "शॉक एकही नाहीं, मामी."

माझे कान तापले. भवानी बघत असणार, मी तिकडे वळलेच नाही. पण श्रीरंजनीचं हसू गेलं होतं.

"मध्येंच चक्कर येते कां तुम्हांस?"

येत होती. स्वयंपाकघरात उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारायचं. मी चेन्नईच्या उकाड्याला शिव्या घालायची, आणि खिडकी बंद ठेवते म्हणून सौम्याला.

"तुमचे ठोके पुष्कळ वेळां पळाले. खरेच पळाले. यंत्रानें दर वेळीं शॉकाशिवाय, बारीक ठोके देऊन थांबवले, म्हणून कळलें नाहीं. असेंच नेहमी थांबतील याचा भरवसा नाहीं. आजच ॲडमिट व्हा. औषध बदलूं, नाहीं तर हृदयाच्या आंतला ठोके पळवणारा तेवढा भाग जाळावा लागेल."

"म्हणजे बरं होईल ना?"

"कमी होईल," ती म्हणाली. "पूर्ण थांबेल असें मी सांगूं शकत नाहीं."

क्षणभर, खरंच सांगते, मला जिंकल्यासारखं वाटलं. खरा धोका माझा! मी मान वर करून भवानीकडे पाहिलं. ती दोन्ही तळव्यांत तोंड लपवून रडत होती.

"मी मरत नाहीं, अक्का," ती म्हणाली. "रात्र रात्र बसून काढली मी. झोपलें तर उठणार नाहीं, असें वाटे." मग माझं काय चाललंय ते तिच्या ध्यानात आलं असावं. तिनं घाईनं माझा हात धरला. "अक्का, पहिलें कुंकू तुमचेंच. मी उद्यांच सौम्यास सांगतें."

मी हात सोडवून घेतला. मी तिच्या उजळ रंगावर जळले, तिच्या साड्यांवर जळले, शॉकवरसुद्धा जळले. पण माझ्या ठोक्यांच्या बदल्यात तिची ती झिजलेली वायर मिळत असती, तर मी तिला पहिलं कुंकूच काय, घरातला सगळा मान तिथल्या तिथे देऊन टाकला असता.