नऊ फुटी दांडी

मंगळवारी दुपारी सव्वा वाजता, मरोळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या आवारात, शकु आणि नीलम जमिनीवर फक्कीने आखलेल्या जिन्याच्या वळणावर अडकल्या.

खांद्यावर नऊ फुटी दांडी, तिच्यावर कुकरच्या गरम रबरी रिंगा ओवलेल्या. पुढे शकु, मागे नीलम. शकु वळली, नीलमला वळता येईना.

"अगं, भिंतीत शिरलीस तू," शकु म्हणाली.

"मग काय विरघळू?"

जेवणाच्या सुट्टीत जमलेले कामगार हसले. संघमित्रा हसली नाही. कारखान्यावर चढणाऱ्या नव्या मजल्याचा आराखडा तिचा होता. स्वतःच्या नावावरचं तिचं हे पहिलंच काम. बांधायच्या आधी नकाशा जमिनीवर खऱ्या मापात आखून माणसांना त्यातून चालवायचं, ही तिची पद्धत. तिच्या जुन्या ऑफिसात याला रांगोळी म्हणत.

पण मोजमापाला ती आली होती तेव्हा इथे एकही दांडी नव्हती. सगळा माल क्रेटमध्ये होता. तिने त्याबद्दल विचारलं, तेव्हा शकु जरा ओशाळली. वीस वर्षं पॅकिंग सांभाळणारी बाई, तिला ओशाळायची सवय नव्हती.

"शेठ म्हणाले, आर्किटेक्ट मॅडम येणार, सगळं टापटीप दिसलं पाहिजे. मग आम्ही दांड्या माळ्यावर टाकल्या. फरशीसुद्धा धुतली."

म्हणजे पाहुण्यांसाठी घर आवरावं तसा यांनी कारखाना आवरला होता, आणि संघमित्राने त्या आवरलेल्या घराचा जिना काढला होता. चूक निम्मी त्यांची. पण सही हिची एकटीची.

कारखान्याचे मालक केतनशेठ आले. क्रेट वापरा, म्हणाले. गरम रिंगा एकावर एक ठेवल्या की चिकटतात, हे शकुने त्यांना ऐकवलं. ते त्यांनाही ठाऊक होतं. उपाय एकच होता. वळणावरची जागा चार फुटांनी वाढवायची. त्यासाठी अख्खा जिना सरकणार आणि ते चार फूट वरच्या मजल्यावर शेठच्या नव्या केबिनमधून कापले जाणार. आजवर शेठ भट्टीशेजारच्या खोपटात बसत आले होते. गुरुवारी सकाळी काँक्रीटचे साचे ठोकायला शटरिंगचे सुतार येणार; त्यानंतर बदल नाही.

"माझं माप चुकलं," संघमित्रा म्हणाली. "आहे तसा जिना बांधला, तर माल वर जाणार नाही. मी तो बांधू देणार नाही."

केतनशेठनी नीलमकडून दांडीचं टोक घेतलं, शकुच्या मागे चालत गेले आणि त्याच वळणावर अडकले.

"शेठ, मान वळवून उपयोग नाही, दांडी वळवा," शकु म्हणाली. या वेळी संघमित्राही हसली.

संध्याकाळी साडेपाचपर्यंत होकार आला नव्हता, नकारही नाही. संघमित्राने आवारात आखलेल्या केबिनची फक्कीची रेषा पुसून चार फूट आत नवी ओढली होती. त्या रेषेच्या आत शेठनी टेबल आणवलं, समोर दोन खुर्च्या मांडल्या आणि आता ते तिसरी खुर्ची कुठे बसते ते पाहत होते.