हात की चाक

नागप्पा कोरे यांची गाडी दोन महिन्यांपासून डावीकडे ओढत होती. पण गाडी ओढते की आपला डावा हात ओढतो, हे काही नागप्पांना ठरवता येत नव्हतं.

कंधारच्या कॉलेजात पस्तीस वर्षं ग्रंथपाल म्हणून काढलेला हा माणूस. कुणी नसलेलं पुस्तक मागितलं तरी आपल्याच ऐकण्यात काही चुकलं असेल, असं धरून चालायचा. त्यामुळं गाडी रस्त्याची कड धरायला लागली तेव्हा त्यांनी गाडीवर संशयच घेतला नाही. मुलगी मंजुश्री एकदा शेजारी बसली होती. तिनं आधी स्टिअरिंगकडं पाहिलं, मग वडिलांच्या हाताकडं.

"अप्पा, तुमचा हात डावीकडं चाललाय." तिच्या सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला होता तोही असाच, आधी हातात.

झालं. त्या दिवसापासून नागप्पा चोरून हाताची परीक्षा घेऊ लागले. डाव्या हातानं भरलेला तांब्या उचलायचे, डाव्या हातानं सही करून बघायचे. सही वेडीवाकडी यायची. ती तिशीतही तशीच आली असती, हे त्यांच्या मनात यायचं नाही. डॉक्टर म्हणाले, हात ठणठणीत आहे. पण डॉक्टर त्या दिवशी घाईत होते. नांदेडला गाडीच्या चाकांची अलाइनमेंट केली. कॉम्प्युटरवर सगळे आकडे हिरवे. "गाडी एकदम ओके हाय काका," तिथला माणूस म्हणाला. मग उरलं कोण?

मंजुश्रीनं निकाल देऊन टाकला होता. या रविवारी नांदेडला याल तेव्हा किल्ली माझ्याकडं ठेवायची. कुठं जायचं असलं की मी गाडी पाठवीन. नागप्पा हो म्हणाले होते. बायको महादेवीची आई बसम्मा नव्वदीची, आडगावात राहणारी. त्या गावाला एसटी जात नाही. दर गुरुवारी नागप्पाच महादेवीला घेऊन जायचे. नांदेडहून दर गुरुवारी कोण गाडी पाठवणार?

रविवारी सकाळी दोघं निघाले. लोह्याच्या अलीकडं टायरचं एक दुकान दिसलं आणि नागप्पांनी गाडी थांबवली. "हवा बघून घेऊ," ते म्हणाले. खरं तर त्यांच्या खिशात आठ दिवसांपासून एक चिठ्ठी होती. गाडीदुरुस्तीवरच्या एका जाड पुस्तकातून उतरवून घेतलेली. पण कारागिराला त्याचं काम सांगायचं म्हणजे त्यांच्या अंगावर काटा यायचा.

दुकान पंचशीला नावाच्या बाईचं होतं. पदर कमरेला खोचून ती ट्रकचं चाक लोळवत होती. हवा मोजली, दोन्हीकडं सारखी भरली. नागप्पा तरीही हलेनात.

"अजून काय काका?"

"गाडी जरा... म्हणजे मलाच वाटतं कदाचित... डावीकडं जाते."

पंचशीलानं पुढच्या दोन्ही चाकांजवळ हात धरून पाहिला. "गरम न्हाई. ब्रेक धरून राहिला असता तर हात पोळला असता. मोकळ्या रोडवर स्टिअरिंग सोडून बघितलं का?"

"बघितलं. डावीकडंच जाते. पण रस्त्याला कडेकडं उतार असतो ना. तो खाली ओढतो. त्यानं काही सिद्ध होत नाही."

"मग अलाइनमेंट?"

"केली. बरोबर आहे."

"मग तुमचं काय म्हणणं हाय?"

नागप्पांनी खिशात हात घातला, बाहेर काढला, पुन्हा घातला. शेवटी चिठ्ठी तिच्यापुढं धरली. डोळ्यांत डोळे न घालता म्हणाले, "पुढची दोन चाकं एकमेकांच्या जागी लावून बघता येतील का? टायरमध्ये दोष असेल तर गाडी उजवीकडं ओढायला लागेल. उताराच्या उलट. आणि डावीकडंच राहिली, तर..."

"तर?"

"तर मग मी आहे."

गाडीतून महादेवी बोलली, "बाई, लाव त्यांची चाकं. कधीपासून डाव्या हातानं तांब्या उचलून राहिलेत. बघून बघून मला कंटाळा आला."

नागप्पा कानापर्यंत लाल झाले. पंचशीला खदखदून हसली आणि जॅक घेऊन आली.

चाकं बदलायला पंधरा-वीस मिनिटं लागली असतील. नागप्पांना ती लांबावीत असं वाटत होतं. आता निकाल लागणार होता. आणि निकाल आपल्या बाजूनं लागेल, असं त्यांना आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

"जा, सरळ रोडनं एक चक्कर मारून या," पंचशीला म्हणाली. "आन् स्टिअरिंग गच्च धरू नका."

थोडं पुढं रस्ता मोकळा होता. महादेवी शेजारी बसली होती. काटा पन्नासच्या पुढं गेला. नागप्पांनी बोटं सैल केली. पहिले दोन-तीन क्षण काहीच झालं नाही. मग गाडी हळूहळू, अगदी ठरवून निघाल्यासारखी, मधल्या पांढऱ्या पट्ट्याकडं सरकली.

"अहो, तिकडं कुठं निघालात?"

"उजवीकडं!" नागप्पा ओरडले. इतक्या मोठ्यानं ते लग्नातही बोलले नव्हते. "महादेवी, उजवीकडं जातेय!"

त्यांनी गाडी सावरली. मग आणखी दोनदा तसंच करून पाहिलं. एकदा पुरावा म्हणून आणि एकदा नुसतं बरं वाटलं म्हणून.

परत आल्यावर पंचशीलानं डावीकडून उजवीकडं आलेलं ते टायर काढून आडवं टाकलं. बाहेरच्या बाजूला कापल्याच्या खुणा होत्या आणि एका जागी बोट ठेवल्यावर कळेल असा उंचवटा. "आतला तारांचा पट्टा सरकला हाय. हे डांबराच्या काठावर आपटून आपटून होतं. डावं चाक सारखं खाली उतरवता का?"

"आडगावचा रस्ता एकेरी आहे. समोरून कुणी आलं की साइड द्यावी लागते."

"ट्रॅक्टरला ना?"

"ट्रॅक्टरला. जीपला." नागप्पा थोडे थांबले. "मोटरसायकलला."

"मोटरसायकलला?"

"त्यांना घाई असते."

"एकदा शेळ्यांना दिली," महादेवी म्हणाली. "शेळ्या उभ्याच. आम्ही खाली."

पंचशीलानं डोक्याला हात लावला. "काका, म्होरचाबी उतरू द्या ना जरा. रोड काय एकट्याच्या बापाचा हाय?"

तिनं त्या जागी स्टेपनी चढवली आणि खराब टायर डिकीत टाकलं. हे परत लावू नका, असं दोनदा बजावलं.

पुढं गाडी सरळ चालली. नांदेडला मंजुश्री दारातच उभी होती. अप्पांनी किल्ली द्यायची, असं ठरलेलंच होतं, म्हणून तिनं हात पुढं केला.

नागप्पांनी किल्ली मुठीत ठेवली. "हात चांगला आहे," ते म्हणाले. "टायर होतं. तपासलंय."

"कुणी तपासलं?"

एरवी त्यांनी पंचशीलाचं नाव सांगितलं असतं. नाहीतर पुस्तकाचं.

"मी," नागप्पा म्हणाले. मुलगी अजून तोंडाकडं पाहतेय हे दिसल्यावर त्यांनी घसा साफ केला. "गुरुवारी आम्हाला तुझ्या आजीकडं जायचंय. किल्ली लागेल."

मंजुश्रीनं आईकडं पाहिलं. महादेवी चप्पल काढून केव्हाच आत गेली होती.