हेडबाईंच्या हिरड्या

ज्या घरात दातांची डॉक्टरीण सून म्हणून आली, त्या घरातल्या सासूचे दात मोत्यासारखे असणार, असं कुणालाही वाटेल. वाटू द्या. दिव्याखालीच अंधार असतो, हे का आता नव्याने सांगायला हवं?

हेडबाईंच्या हिरड्यांतून दीड वर्षापासून रक्त येत होतं. बाई शाळेतून निवृत्त होऊन सात वर्षं झाली होती, तरी घरात मुलगासुद्धा त्यांना चिडवायला हेडबाईच म्हणायचा, आणि त्या चिडायच्याही नाहीत. रोज सकाळी बेसिनमध्ये गुलाबी पाणी दिसलं की त्या नळ मोठा सोडायच्या आणि सूनबाईने दार वाजवायच्या आत सगळं धुऊन मोकळ्या व्हायच्या. पुढे खालचे समोरचे दोन दात हलायला लागले. सफरचंद सुटलं. "मला हल्ली त्याची गोडीच वाटत नाही," असं त्यांनी जाहीर केलं. हेडबाईंनी जाहीर केलं की त्या घरात विषय संपायचा.

आता तुम्ही म्हणाल, घरात डॉक्टर आहे, उघडायचं की तोंड! अहो, तेच तर उघडायचं नव्हतं. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात सूनबाईने अदबीने विचारलं होतं, "आई, रात्री झोपण्याआधी ब्रश करता ना?" आणि बाईंनी ताठ मानेने सांगितलं होतं, "तुझ्या जन्माच्या आधीपासून." शुद्ध थाप! ती थाप त्यांनी नऊ वर्षं निभावली. आणि शाळेत तीस वर्षं पोरांची नखं आणि दात तपासणाऱ्या बाईने सुनेपुढे आ करायचा? छे! पण दात जाऊनही चालणार नव्हतं. समोर खिंडार पडलं असतं तर हुकूम सोडताना शीळ वाजली असती, आणि शीळ वाजवणाऱ्या बाईचं कोण ऐकणार?

म्हणून एका दुपारी, "मैत्रिणीकडे जाऊन येते," असं सांगून बाईंनी बस पकडली आणि शहराच्या पार दुसऱ्या टोकाला एका म्हाताऱ्या दातवाल्या डॉक्टरांचा दवाखाना गाठला. डॉक्टरांनी खुणा केलेली एक बारीक सळई दात आणि हिरडीच्या मधे घातली आणि नर्सला आकडे सांगायला सुरुवात केली. "चार. पाच. सात. सात."

"सात? दहापैकी?" बाईंचा चेहरा खुलला.

"मिलिमीटर," डॉक्टर म्हणाले. "हिरडी दाताला सोडून इतकी खोल फट पडलीय. जितका आकडा मोठा, तितकं वाईट. आत कीटण साठलंय, हाड झिजतंय. आता लेझर करून घ्या. केसासारखी बारीक तार आत सरकवतात, तिच्या उजेडाने सडका भाग जळून जातो. टाके नाहीत, रक्त फारसं नाही. माझ्याकडे ते मशीन नाही, पण एक तरुण डॉक्टरीण आहे, हात फार हलका तिचा. चिठ्ठी देतो. दोन महिने घालवलेत तर मात्र दोन्ही दात हातात येतील."

रस्त्यावर येऊन बाईंनी चिठ्ठीच्या पाकिटावरचं नाव वाचलं आणि त्या मटकन बसस्टॉपच्या बाकावर बसल्या. पत्ता त्यांच्याच गल्लीतला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

पाकीट चार दिवस कपाटात साड्यांच्या घडीत राहिलं. पाचव्या दिवशी केळं खाताना दात कलला. केळं खाताना! बाई घाबरल्या, अगदी मनापासून घाबरल्या, आणि चपला घालून थेट गल्लीच्या तोंडाशी दवाखान्यात जाऊन उभ्या राहिल्या.

सूनबाईने चिठ्ठी दोनदा वाचली. मग कागद पुढे ओढला आणि सगळ्या पेशंटना विचारते तेच विचारलं. "रात्री ब्रश?"

"नाही."

"कधीपासून नाही?"

"कधीच नाही," बाई भिंतीकडे बघत म्हणाल्या. सूनबाईने तेही लिहून घेतलं.

हिरडी बधिर झाली. दोघींनी जाडजूड रंगीत चष्मे चढवले. सूनबाईने लेझरची दांडी उचलली, तोंडापर्यंत आणली आणि पुन्हा खाली ठेवली. तिची बोटं थरथरत होती.

"आई, तुम्हाला दुसऱ्या कुणाकडे पाठवू का?"

"का गं? ते डॉक्टर तर म्हणाले, हात हलका आहे तुझा."

"परक्यांच्या तोंडात आहे," सूनबाई म्हणाली. "घरात मी कांदा चिरायला घेतला तरी तुम्ही सुरी काढून घेता. 'राहू दे, तुला नाही जमायचं.' नऊ वर्षं झाली. तुम्ही समोर असलात की हे हात माझे वाटतच नाहीत मला."

आपण तिला मदत करतोय, अशीच बाईंची समजूत होती. एवढी शिकलेली पोर आपल्याला भिते, हे त्यांच्या कधी ध्यानीमनीही आलं नव्हतं. लाज वाटली त्यांना.

"दोनच दात आहेत," शेवटी त्या म्हणाल्या. "गेले तर तुझ्याच हातून जाऊ देत. कर तू."

टिकटिक सुरू झाली, जळक्या केसांसारखा वास आला. आणि काय सांगावं, बाईंचा उजवा हात आपोआप वर उठला आणि त्याने सूनबाईचं मनगट धरलं. सवय! यंत्र थांबलं.

"हात खाली, आई."

हे असं त्यांना चाळीस वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं. बाईंनी हात खाली घेतला. भरवसा नको म्हणून दोन्ही हात मांड्यांखाली दाबून त्यांच्यावर बसल्या. पाऊण तास त्या तशाच बसल्या होत्या, आणि त्या पाऊण तासात सूनबाईची बोटं एकदाही थरथरली नाहीत.

तीन महिन्यांनी पुन्हा मापं झाली. सूनबाई नर्सला सांगत गेली, "तीन. तीन. चार. तीन." मग तिने दोन्ही दात एकेक करून चिमटीत धरून हलवून पाहिले. ते जागचे हलले नाहीत. तिने मास्क काढला, आणि ती इतकी हसत होती की डोळ्यांत पाणी आलं होतं. "वाचले, आई. चला, उठा आता, बाहेर पेशंट थांबलेत."

हेडबाई उठल्या नाहीत.

"आता ती मागची उजवी दाढ बघ," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं झाली दुखतेय, सांगितलं नव्हतं तुला."

आणि कुणी न सांगता त्यांनी भला मोठा आ केला.